लेकीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशाच्या व्याजानेच तिची फीमाफी गेली

सांगलीची_आई:
नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

लेकीला यंदा इंजिनिअरिंगला कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) ॲडमिशन मिळाली. कॉलेज विनाअनुदानित, ट्यूशन फी वर्षाला १,१८,०००. आम्ही निवांत होतो कारण जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. आम्ही त्यात बसतो. यांचा पगार वर्षाचा ग्रॉस ७,४६,०००. मी घरीच असते. म्हणजे ८ लाखांच्या आत आहोत ना, असं धरून चाललो होतो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेलो, फॉर्म १६ आणि रिटर्नची कॉपी दिली. तिथल्या मुलीने कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, मग परत केली, आणि कागद माझ्याकडे फिरवून म्हणाली, काकू तुमचं ८,१४,४०० होतंय. मी म्हटलं कसं काय, पगार तर साडेसात लाख पण नाही. तिने बोट ठेवलं त्या ओळीवर. ठेवींवरचं व्याज, ६८,४००.

आता ही ठेव कसली ते ऐका. लेक जन्मली २००७ ला, तिचं बारसं झालं त्याच महिन्यात आम्ही ३,००० ची आरडी सुरू केली. ती संपली की एफडी, परत नवी आरडी. मध्ये सासूबाईंच्या ऑपरेशनला थोडे मोडले, बाकी हात लावला नाही. गावच्या जत्रेला नवीन साडी नाही घेतली, फ्रिज १६ वर्षं जुना आहे, एकदाही कुठे लांब फिरायला गेलो नाही. साडेनऊ लाख झाले. पावत्या ज्या खाकी पाकिटात आहेत त्यावर यांच्या अक्षरात लिहिलंय, "शिक्षण, हात लावायचा नाही". आणि त्या पैशाचं व्याज आमच्या हातात आलेलं पण नाही हो, क्युम्युलेटिव्ह एफडी आहे, मुदत संपल्यावर मिळणार. पण कागदावर ते दरवर्षी उत्पन्न म्हणून धरलं जातं.

१४,४०० रुपयांनी १,१८,००० ची फीमाफी गेली. आणि हे एका वर्षाचं, अजून तीन वर्षं आहेत.

मला एवढंच विचारायचंय की हे पैसे आम्ही साठवलेच नसते, खाऊन पिऊन उडवले असते, तर आज लेकीची फी माफ झाली असती. हे मला समजतंय ते बरोबर आहे का?

हिशोबनीस:
ताई, दुर्दैवाने बरोबर समजलंय. मी पुण्यात एका सीएच्या ऑफिसात १९ वर्षं काम करतोय, दर सीझनला अशा दोन-तीन केस येतात. आणि वाईट वाटून घेऊ नका पण तुमचं नुकसान फीपुरतंच नाही, टॅक्सचं पण बघा.

दाखल्याला २०२४-२५ चं उत्पन्न धरलं असेल. त्या वर्षी नवीन रिजीममध्ये (दर कमी पण बहुतेक वजावटी नसलेल्या करपद्धतीत) ७ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे पूर्ण करमाफी होती. तुमच्या मिस्टरांचा पगार ७,४६,०००, त्यातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा, उरले ६,७१,०००, टॅक्स शून्य. आता त्यात व्याजाचे ६८,४०० मिळवा, झाले ७,३९,४००. रिबेट गेला सगळाच. टॅक्स बसला २३,९४० आणि वर ४ टक्के सेस धरून साधारण २४,९००. म्हणजे ६८,४०० च्या व्याजामुळे २४,९०० टॅक्स आणि १,१८,००० फी. जे व्याज हातात पण आलं नाही त्याने दीड लाखाला सात हजारांनी कमी एवढा खड्डा पाडला. सगळ्या एफडी एकाच बँकेत असतील तर १० टक्के टीडीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) पण कापला गेला असेल, कारण तेव्हा ४०,००० ची मर्यादा होती.

आणि तो ४ टक्के सेस कशाचा असतो माहितीय ना, आरोग्य आणि शिक्षणाचा. २००४ मध्ये २ टक्क्यांनी शिक्षण उपकर म्हणून सुरू झाला, २००७ मध्ये ३ झाला, २०१८ पासून आरोग्यासकट ४. आपण शिक्षणासाठी वेगळा कर भरतो आणि शिक्षणासाठी साठवलेल्या पैशावरच तो भरतो.

टॅक्सचा भाग यंदापासून सुटला. २०२५ च्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत शून्य केलाय, ते चांगलंच झालं. पण त्यामुळेच ८ लाखांची रेघ अजून खटकते. आयकर खातं म्हणतं १२ लाखवाल्याकडून काही घ्यायचं नाही, आणि शिक्षणाची योजना म्हणते ८ लाख १४ हजारवाला स्वतःच्या जोरावर भरू शकतो. दोन्ही एकाच राज्यव्यवस्थेचे नियम आहेत. कुठलातरी एक आकडा खरा धरा.

सांगलीची_आई:
टीडीएस ६,८४० कापलाय, आत्ता पासबुक काढून बघितलं. एवढा हिशोब मला कुणी आधी सांगितला नव्हता. धन्यवाद दादा.

परभणीचा_मास्तर:
ताई तुमच्याबद्दल सहानुभूती आहेच, तरी माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातल्या पोरींचे आईबाप ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. त्यांच्याकडं साडेनऊ लाखाची ठेव सोडा, साडेनऊ हजाराची नाही. मर्यादा कुठंतरी लागणारच. ८ च्या १२ केल्या तर उद्या १२ लाख १४ हजारवाला इथं येऊन हेच लिहील. सरकारकडं पैसा मोजका आहे, तो आधी कुणाला द्यायचा? माझ्या पोरीबारींना आधी द्या. फीमाफी कागदावर आहे तरी बारावीनंतर त्यातल्या किती जणी शहरात पोचतात, होस्टेल आणि मेसचा खर्च कोण देतो, हा धागा खरं तर त्यावर पाहिजे.

सांगलीची_आई:
मास्तर, राग कशाला, तुमच्या पोरींच्या आधी माझ्या लेकीला द्या असं मी कधीच म्हणणार नाही. माझे वडील पण हमाल पंचायतीत होते, मला गरिबी कुणी शिकवायला नको.

पण माझं म्हणणं रेघ कुठे आहे याबद्दल नाहीये, ती कशी आहे याबद्दल आहे. ७,९९,००० वाल्याला पूर्ण माफ आणि ८,०१,००० वाल्याला पूर्ण भरायला लावायचं, मध्ये काहीच नाही. पायरी नाही, सरळ कडा. मला अर्धी माफ झाली असती, पाव झाली असती, तरी मी एक शब्द बोलले नसते. दुसरं म्हणजे आमच्या गल्लीत एकांचं हार्डवेअरचं दुकान आहे, दोन गाड्या आहेत, त्यांचा दाखला साडेचार लाखाचा निघतो. त्यांच्याशी मला भांडायचं नाही, पण पगारदाराचं पै न पै फॉर्म १६ मध्ये दिसतं आणि बचत केली की ती पण दिसते. याच साडेनऊ लाखाचं मी सोनं करून कपाटात ठेवलं असतं तर व्याज शून्य, दाखला ७,४६,००० चा, फी माफ. बँकेत प्रामाणिकपणे ठेवले ही चूक झाली का?

परभणीचा_मास्तर:
सोन्याचा मुद्दा पटला. आणि पायरीचा पण. कडा नको, उतार पाहिजे, याला माझी हरकत नाही.

निवृत्त_पोस्टमास्तर:
सर्वांना नमस्कार. ३६ वर्षे पोस्टात काढली त्यामुळे या विषयावर बोलल्यावाचून राहवत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा पीपीएफला १२ टक्के होते, १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत १२ च राहिले. लोकांना मी स्वतः सांगायचो, १२ ने पैसे ६ वर्षांत दुप्पट होतात. मग ११ झाले, पुढे उतरत उतरत २००३ ला ८. मध्ये थोडे चढले आणि १ एप्रिल २०२० पासून ७.१, ते आजतागायत ७.१. या दराने दुप्पट व्हायला १० वर्षे लागतात. तेव्हा महागाईही जास्त होती हे कबूल, पण काउंटरवर येणारी बाई महागाईचा तक्ता बघत नाही, मुलगा पहिलीत आहे आणि बारावीपर्यंत किती होतील एवढंच विचारते.

३१ मार्च २०२१ ची संध्याकाळ मला लख्ख आठवते. पत्रक आलं की उद्यापासून पीपीएफ ७.१ वरून ६.४, बाकी सगळ्या योजना पण खाली. रात्रभर लोकांचे फोन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की आदेश नजरचुकीने निघाला, मागे घेतोय. मागे घेतला ते बरं झालं. पण एका रात्रीत कोट्यवधी घरांचा हिशोब बदलू शकतो आणि त्याला नजरचूक म्हणता येतं हे मला फार लागलं.

सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या बचत योजनेचं मी मनापासून काम केलं. जानेवारी २०१५ ला आली, २०१५-१६ ला ९.२ टक्के होते, लोकांनी रांगा लावून खाती उघडली, त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायका होत्या. ते २०२० ला ७.६ वर आलं, आता परत ८.२ आहे. खातं २१ वर्षांचं आणि दर तिमाहीला बदलू शकतो, त्यामुळे त्या बाईला मी सुरुवातीला जो आकडा कागदावर लिहून दिला होता तो खोटा ठरला. माझ्या अक्षरातला तो कागद तिच्याकडे अजून असेल.

सांगलीच्या ताई, तुमची मुलगी तेव्हा १० वर्षांच्या आत होती, सुकन्यात टाकले असते तर ते व्याज करमुक्त, रिटर्नच्या एकूण उत्पन्नात आलं नसतं.

सांगलीची_आई:
काका, आम्हाला ही योजना कळली तेव्हा ती ११ वर्षांची झाली होती. वर्षभराने हुकलं.

मुलुंडकर:
जरा शाळेचं पण बोलूया कारण इंजिनिअरिंगपर्यंत पोचायच्या आधीच माणूस रिकामा होतो.

राज्यात शुल्क नियमनाचा कायदा २०११ चा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ काय झालाय तर शाळा दोन वर्षांतून एकदा १५ टक्क्यांपर्यंत फी वाढवते आणि कुणी काही बोलू शकत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर तक्रार करायला किमान २५ टक्के पालक एकत्र यायला लागतात, एकट्यादुकट्याने जायची सोयच नाही. आमच्या मुलाच्या शाळेत आम्ही ९ जण उभे राहिलो, बाकीचे म्हणाले मुलाला त्रास होईल, आणि त्यांचं पण चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता हिशोब बघा. दोन वर्षांना १५ टक्के म्हणजे वर्षाला साधारण ७.२४ टक्के. पीपीएफ देते ७.१. म्हणजे सरकारच्या कायद्यात बसणारी फीवाढ ही सरकारच्या सगळ्यात भरवशाच्या बचतीपेक्षा जास्त वेगाने पळते, आणि पीपीएफ तर करमुक्त आहे. एफडी घेतली आणि २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ७ टक्क्यांचे हातात ५.५ राहतात. ४०,००० फीची शाळा १२ वर्षांत सहा वेळा वाढवली तर ९२,५०० होते. तेच ४०,००० एफडीत ठेवलेले ७६,००० होतात. पहिलीत जितके पैसे बाजूला ठेवले तितक्याची बारावी होत नाही, कितीही शिस्तीने ठेवा. मी हा तक्ता काढला त्या रात्री बायकोला दाखवला, ती बराच वेळ काहीच बोलली नाही.

क्लासची फी वेगळी. कोचिंगवर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा शून्य केला, चांगलं केलं. पण आमच्या घरात वह्यांचं बिल वर्षाला दीड-दोन हजार आणि क्लासचं १,२०,०००. त्यावर २१,६०० जीएसटी. नीट-जेईईचा क्लास ही चैन आहे का? परीक्षा अशी ठेवली की शाळेच्या अभ्यासावर पोर पास होत नाही, आणि त्यासाठी लागणाऱ्या शिकवणीवर महागड्या हॉटेलच्या खोलीसारखा कर.

हिशोबनीस:
मुलुंडकर, यात अजून एक घाला. मुलाच्या नावावर एफडी केली तर व्याज आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात, क्लबिंग म्हणतात. जुन्या रिजीममध्ये दर मुलामागे १,५०० रुपये सूट होती. १,५००, वर्षाला. नवीन रिजीममध्ये तीही नाही. ८०सी मध्ये (बचतीवर वजावट देणारं कलम) दोन मुलांची ट्यूशन फी चालायची, ती पण नवीन रिजीममध्ये नाही. ८०सी ची दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून तिथेच आहे, तेव्हाची दीड लाख आणि आताची सारखी नाही हे सांगायला नको.

नवीन रिजीम बऱ्याच जणांना स्वस्त पडते, ते मी नाकारत नाही, मी स्वतः क्लायंटला तीच घ्यायला सांगतो. पण माझं दुखणं असं की पूर्वी मार्च आला की तरुण पोरं धावत यायची, कुठे टाकू, किती टाकू. टॅक्ससाठी का होईना पीपीएफ उघडायची आणि ते पैसे १५ वर्षांनी पोराच्या ॲडमिशनला उपयोगी पडायचे. आता कुणी विचारत नाही. बचतीची सवय लावणारं जे एक निमित्त होतं ते गेलं.

स्वप्ना_नागपूर:
लोनवाल्यांची पण बाजू मांडते. माझा भाऊ आयआयटीत आहे. बीटेकची फी २०१६ मध्ये वर्षाला ९०,००० ची एकदम २ लाख झाली. त्यात मात्र पायऱ्या आहेत, १ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ. त्यापुढे काही नाही. बाबा ५ लाख ३० हजारवर होते.

मोठ्या संस्थांना आधी इमारतींसाठी सरळ अनुदान मिळायचं, २०१७ पासून हेफा नावाची व्यवस्था आली, संस्थेने कर्ज काढायचं आणि बऱ्याच संस्थांनी मुद्दल, पूर्ण किंवा काही भाग, स्वतःच्या कमाईतून फेडायचं. संस्थेची स्वतःची कमाई म्हणजे मोठा भाग फी. म्हणजे होस्टेलची बिल्डिंग शेवटी कोण बांधतंय ते बघा.

भावाचं एज्युकेशन लोन आहे. ८०ई खाली व्याजावर ८ वर्षं वजावट मिळायची, नवीन रिजीम घेतली की नाही. पीएम विद्यालक्ष्मी नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झाली, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत, तिथेही उत्पन्नाची अट तीच, ८ लाख. सगळीकडे तोच ८ चा आकडा. केंद्राच्या ईडब्ल्यूएस दाखल्याला तर वर घर १,००० चौरस फुटांचं नको, शेती ५ एकर नको. माझ्या मैत्रिणीच्या आजोबांनी बांधलेलं जुनं घर आहे, छत गळतं, पण फूट मोजले की बसत नाहीत.

न्यूजर्सीकर:
इथलं सांगतो, तुलना म्हणून, तिकडचं सगळं वाईट आणि इकडचं चांगलं असं नाही, इथल्या कॉलेजच्या फीबद्दल तर बोलायलाच नको.

आर्थिक मदतीसाठी इथे फाफ्सा नावाचा फॉर्म भरतात. त्यात आईबापांची बचत धरतात, पण जास्तीत जास्त ५.६४ टक्के. म्हणजे १०० डॉलर साठवले असतील तर त्यातले साडेपाचच्या आसपास तुम्ही फीला देऊ शकता असं मानतात. रिटायरमेंटचे पैसे आणि राहतं घर धरत नाहीत. मुलाच्या स्वतःच्या नावावर पैसे असतील तर मात्र २० टक्के, म्हणून इथे मुलाच्या नावावर ठेवू नका असं सगळे सांगतात. बचतीला थोडा दंड इथेही आहेच. पण उतार आहे, उत्पन्न वाढेल तशी मदत हळूहळू कमी होते. सांगलीच्या ताईंसारखं चौदा हजाराने सगळं जात नाही.

माझं स्वतःचं शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये झालं, पूर्ण कोर्सची फी वडिलांच्या एका महिन्याच्या पगारात बसली होती. १९८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यामुळे हजारो पोरांना दार उघडलं हे खरं, पण सरकारी जागा त्या मानाने वाढल्या नाहीत आणि मुळात सगळं तिथे अडलंय.

परभणीचा_मास्तर:
शेवटचं वाक्य लाखमोलाचं. सरकारी जागा वाढवा, मग ८ लाख की १२ लाख हा वादच कमी होईल. माझ्या पोरी आणि ताईंची लेक एकाच रांगेत एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत कारण जागाच कमी आहेत.

सांगलीची_आई:
सगळ्यांचे आभार. हिशोबनीस दादांनी फोनवर पण मार्गदर्शन केलं.

सद्यस्थिती सांगते. पहिल्या वर्षाची फी भरायला परवा एक एफडी मोडली, १,१८,००० ची. मुदतीआधी मोडली म्हणून दंड लागला. खाकी पाकिटातून पावती काढताना हे काहीच बोलले नाहीत, नुसतं पाकीट परत रबर लावून ठेवलं. त्या पावतीचं वर्षाचं व्याज साधारण ८,५०० कमी होईल, म्हणजे पुढच्या वेळी ५९,९००. पगारात मिळवलं तर ८,०५,९००. तरीही वरच. आणि महागाई भत्ता वाढला की अजून वर. म्हणजे फी भरून भरून ठेव संपेल तेव्हा कुठे आम्ही माफीला पात्र होऊ, आणि तोपर्यंत लेक पास होऊन बाहेर पडलेली असेल.

ती म्हणाली आई मी शनिवार-रविवार शिकवण्या घेते. मी नाही म्हटलं, पहिलं वर्ष आहे, मॅथ्स अवघड असतं म्हणे.

मी उच्च शिक्षण मंत्री आणि आमच्या आमदारांना पत्र लिहायचं ठरवलंय. मागण्या दोनच. ८ ते १२ लाखांमध्ये माफी टप्प्याटप्प्याने कमी करा, एकदम तोडू नका. आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीचं व्याज, निदान जे हातात आलेलं नाही ते, दाखल्याच्या उत्पन्नात धरू नका. मास्तर, तुमच्या पोरींच्या होस्टेल-मेसचा मुद्दा पण घालते, तुम्ही चार ओळी लिहून द्याल का, मला तिथलं नीट मांडता येणार नाही.

मसुदा रविवारी रात्री इथे टाकते. ज्यांची फीमाफी अशी थोडक्यात हुकली असेल त्यांनी खाली लिहा, नाव नको, फक्त जिल्हा आणि कितीने हुकली तो आकडा. यादी पत्राला जोडते. मी सुरुवात करते.

सांगली, १४,४००.

परभणीचा_मास्तर:
चार ओळी उद्या शाळा सुटल्यावर पाठवतो. आमच्या शेजारच्या कंडक्टरांच्या घरचा आकडा घ्या, त्यांना विचारूनच लिहितोय. परभणी, ६,२००.

स्वप्ना_नागपूर:
आयआयटीची मर्यादा वेगळी आहे, ५ लाखांची, पण चालत असेल तर घ्या. नागपूर, ३०,०००.